लेबकूखन : न्यूरेंबर्गचा मध, मलबारचा मसाला

१/ नाताळ जवळ आला की जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या मुख्य चौकात बाजार भरतो आणि हवेत दालचिनी-लवंगांचा दरवळ पसरतो. हा दरवळ लेबकूखनचा. मध, बदाम-अक्रोड आणि मसाले घालून भाजलेल्या मऊसर गोड बिस्किटाचा. जर्मन नाताळची ही ओळख. पण दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ यांपैकी काहीही जर्मनीत पिकत नाही.

२/ मध मात्र तिथलाच. न्यूरेंबर्गभोवतीच्या राजअरण्यात झाडांच्या ढोल्यांत मधमाश्या पाळणारे ‘साइडलर’ राहत. सम्राट चौथ्या कार्लने १३५० मध्ये त्यांना विशेष हक्क बहाल केले. त्यांचे स्वतंत्र न्यायालय होते. बदल्यात ते सम्राटाला मध देत आणि वेळप्रसंगी धनुर्धारी म्हणून सेवाही करीत. साखर महाग होती, त्या काळी गोडवा म्हणजे मधच.

३/ या पाककृतीवर ख्रिस्ती मठांचाही ठसा आहे. चिकट पीठ भट्टीच्या पत्र्याला लागू नये, म्हणून ते पातळ चकतीवर थापले जाई. उपासनेतील प्रसादासाठी मठांत अशाच चकत्या भाजल्या जात. आजही अनेक लेबकूखनच्या तळाशी ती पांढरी चकती दिसते.

४/ मसाल्यांचा प्रवास दूरचा. मलबारची मिरी आणि वेलदोडे अरबी समुद्र व तांबडा समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला, तेथून व्हेनिसला पोहोचत. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांची स्वतःची वखार होती. पुढे आल्प्स ओलांडून माल न्यूरेंबर्गला येई.

५/ जर्मनीत या पदार्थाला ‘फेफरकूखन’, म्हणजे शब्दशः ‘मिरीचा केक’, असेही म्हणतात. दूरदेशीच्या साऱ्याच मसाल्यांना एकेकाळी सरसकट ‘मिरी’ म्हटले जाई. मिरीचा दबदबा भाषेतही असा उतरला.

६/ वास्को द गामाने सागरी मार्ग खुला केल्यावर जर्मन भांडवलही त्या वाटेने निघाले. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमारात ऑग्सबर्गच्या वेल्झर व फुगर घराण्यांबरोबर न्यूरेंबर्गच्या इमहोफ व हिर्शफोगेल घराण्यांचाही पैसा होता. याच आरमाराने पूर्व आफ्रिकेतील किल्वा व मोंबासा लुटले, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर किल्ला उभारला आणि मग कोचीन गाठले. वेल्झरांचा प्रतिनिधी बाल्टाझार श्प्रेंगर या सफरीत होता. त्याने लिहिलेले वृत्त पुढे छापले गेले.

७/ तिकडे शहरात कसब रुजत गेले. १६४३ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेबकूखन कारागिरांना स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली. तीस वर्षांचे युद्ध तेव्हा संपलेही नव्हते.

८/ १९९६ पासून ‘न्यूरेंबर्गर लेबकूखन’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. शहराच्या हद्दीत तयार झालेल्यालाच ते नाव लावता येते. ‘एलिझन’ या सर्वोच्च प्रतीत किमान २५ टक्के बदाम, हेझलनट वा अक्रोड असावे लागतात आणि पीठ १० टक्क्यांहून अधिक चालत नाही.

९/ कायदा भट्टीचे गाव पाहतो, मसाल्याचे नाही. म्हणून लेबकूखन परके ठरत नाही. साइडलरांचा मध आणि कारागिरांचे कसब न्यूरेंबर्गचेच. पण त्याच्या दरवळात मलबारचे मळे आहेत आणि लुटलेले मोंबासाही. परंपरा एका गावाची असू शकते. तिचा इतिहास क्वचितच एका गावात मावतो.