भिंग कीं आरसा ?

हिंवाळ्याच्या रात्रीं मृगांतील तीन ताऱ्यांच्या बाणाखालीं एक धुरकट ठिपका दिसतो. तो मृगांतील तेजोमेघ. त्याचें छायाचित्र घेण्यास भिंगाची दुर्बीण बरी कीं आरशाची, हा वाद मुख्यतः हौशी लोकांनींच सोडविला, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

पहिला मान भिंगाचा. अमेरिकेंतील डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनीं 30 सप्टेंबर 1880 रोजीं 11 इंची भिंगानें या तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. परंतु भिंग सर्व रंगांचे किरण एकाच बिंदूवर आणीत नाहीं. डोळ्यास पिवळा प्रकाश अधिक दिसतो, तर त्या काळच्या छायाचित्राच्या कांचेवर निळा-जांभळाच उमटे. त्यामुळें डोळ्यासाठीं घडविलेलें भिंग कॅमेऱ्यास निरुपयोगी ठरे. आरशास हा रंगदोष मुळींच नाहीं.

लंडनजवळ ईलिंग येथें अँड्र्यू कॉमन नांवाचे इंजिनियर राहत. 30 जानेवारी 1883 रोजीं त्यांनीं आपल्या 36 इंची आरशानें 37 मिनिटांत तोच तेजोमेघ टिपला. डोळ्यास दुर्बिणींतूनहि न दिसणारे तारे त्यांत उमटले. 1884 मध्यें रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें त्यांना सुवर्णपदक दिलें.

खरा सामना पुढें कॅलिफोर्नियांत झाला. लिक वेधशाळेंत 36 इंची भिंगाची विख्यात दुर्बीण होती. तेथेंच 1895 मध्यें कॉमन यांचा हा आरसा क्रॉसली नांवाच्या गृहस्थांकडून देणगी म्हणून आला. रुंदी दोघांचीहि सारखी. पण भिंगापासून प्रतिमेपर्यंतचें अंतर सुमारें 57 फूट, तर आरशाचें साडेसतरा. तेजोमेघ हा बिंदु नव्हे, पसरलेली वस्तु आहे. प्रतिमा जितकी लहान, तितका तोच प्रकाश दाट. म्हणून आरशांतील प्रतिमा सुमारें दहापट उजळ पडे. 1898 पासून दोन वर्षें कीलर यांनीं त्या आरशानें चित्रें घेतलीं, आणि आकाशांत सर्पिल तेजोमेघ किती विपुल आहेत हें जगास कळलें. त्या आज आपणांस ठाऊक असलेल्या दूरच्या दीर्घिका होत.

कॉमन यांनींच घडविलेला 20 इंची आरसा पुण्यासहि होता. भावनगरच्या महाराजांच्या साहाय्यानें सायन्स कॉलेजांत उभारलेल्या वेधशाळेंत प्राध्यापक नायगमवाला त्यांतून वेध घेत. 1912 मध्यें वेधशाळा बंद झाली व ती दुर्बीण कोडईकनालला गेली.

आतां भिंगांतील रंगदोष पुष्कळ कमी झाला आहे, आणि विस्तीर्ण तेजोमेघांस लहान भिंगहि उत्तम साधतें. तरी थोड्या पैशांत अधिक प्रकाश हवा असेल, तर आरसाच घ्यावा. दुर्बीण केवढी, हें विचारण्यापूर्वीं ती कशासाठीं, हें ठरवावें.