पांढरी: एका शब्दाची कुळकथा

गावाच्या हद्दीतल्या जमिनीचे मराठीने फार पूर्वीपासून दोन भाग केले. पिकते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. जुन्या कागदांत हे दोन शब्द जोडीने येतात, घरांवरच्या कराला पांढरपट्टी म्हणत, आणि मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशानेही हाच अर्थ नोंदवला आहे.

शब्दातला पांढरा रंग अक्षरशः खरा आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची खोल जमीन आहे, दगड दुर्मीळ. घर बांधायचे ते मातीचेच. पावसात भिंत खचली की तिच्याच ढिगाऱ्यावर नवी उभी राहते. चुलीची राख, शेण, चुना, हाडे, फुटलेली मडकी हे सगळे तिथेच मुरते. शेकडो वर्षांत त्या जागी राखाडी-पांढरट टेकाड तयार होते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घर टिकत नाही. उंच आणि घट्ट पांढरीवर मात्र ते टिकते. म्हणूनच पुढे देशमुखांच्या गढ्याही अनेकदा याच टेकाडांवर उभ्या राहिल्या आणि कितीतरी प्राचीन वस्त्यांना लोक आज नुसते ‘गढी’ म्हणून ओळखतात.

चांदूर बाजार तालुक्यातली तुळजापूर गढी त्यांपैकीच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बी. पी. बोपर्डीकर यांच्या देखरेखीखाली १९८४-८५मध्ये तिथे उत्खनन केले. त्याआधी विदर्भाची प्राचीन ओळख मुख्यतः लोहयुगातल्या शिळावर्तुळांची. तुळजापूरला त्याहून जुनी, ताम्रपाषाणयुगातली वस्ती मिळाली. तिथली रंगवलेली खापरे माळवा आणि जोर्वे संस्कृतींशी नाते सांगतात. जोर्वे हे गाव संगमनेरजवळचे, म्हणजे हे नाते थेट प्रवरेच्या खोऱ्यापर्यंत पोचते. डेक्कन कॉलेजचे मुकुंद काजळे यांनी इथल्या करपलेल्या धान्याचा अभ्यास केला. न करपलेले धान्य मातीत कुजून जाते. चुलीत करपलेला दाणा मात्र कोळशासारखा हजारो वर्षे राहतो. माती पाण्यात कालवली की तो वर तरंगतो.

त्याच तालुक्यात चंद्रभागा नदीच्या वळणावर फुबगाव आहे. सर्वेक्षणाच्या नागपूर शाखेने डिसेंबर २०१८पासून तिथे खणले, तेव्हा लोहयुगातल्या गोल घरांचे आराखडे उघडे पडले. नदीने या वस्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग आधीच कापून नेला होता. असे घर सापडते म्हणजे नेमके काय सापडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. खांब तर कधीच कुजलेला असतो. त्याच्या खळग्यात नंतर भरलेली माती भोवतीच्या मातीपेक्षा भुसभुशीत आणि गडद राहते. थापीने पृष्ठभाग तासून हलका पाण्याचा शिडकावा केला की काळसर ठिपके उमटतात, आणि ठिपके जोडले की वर्तुळ. जेसीबीच्या बकेटीत ती माती आली, तर ठिपकाही नाही आणि घरही नाही.

पांढरीला खरा धोका हाच आहे. ती घराच्या धाब्यावर पसरायला नेतात, शेतात खत म्हणून टाकतात, रस्त्याच्या भरावालाही वापरतात. इंग्रजी अमदानीत लाहोर–मुलतान लोहमार्गाखाली हडप्पाच्या विटा घातल्या गेल्या; त्या सुमारे १०० मैलांना पुरल्या, असे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने लिहून ठेवले. आपल्याकडचा १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित स्थळांना आधार देतो. २०१०च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवले. नोंद न झालेल्या टेकाडाला हे संरक्षण मिळत नाही. फ्रान्सने २००१च्या कायद्याने बांधकामाआधीचे उत्खनन आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याशी जोडला. वऱ्हाडात अशा आधीच्या उत्खननाची निकड धरणाच्या रूपाने जाणवली: बुलडाणा जिल्ह्यातल्या भोनला डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांच्या चमूने बौद्ध स्तूप शोधला, आणि ती जागा जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली जाण्याची चिंता उभी राहिली.

रस्ता बांधण्याआधी करायच्या अशा उत्खननाची पहिली पायरी स्वस्त असते. आखणीच्या रेषेवर पायी फिरायचे आणि गावात ‘पांढरी कुठे आहे?’ असे विचारायचे. नांगरटीत खापरे दिसली की जागा नकाशावर घ्यायची. मग एक चौकोनी चाचणी खड्डा. थर एकेक करून, वरून खाली, मोजत आणि छायाचित्र घेत उतरायचे. खड्ड्याची उभी बाजू सरळ ठेवायची, कारण थरांचा क्रम तिथेच वाचता येतो. राख, तुडवलेली जमीन, चूल, पुन्हा राख. खापरे संपतात, राख संपते, आणि माणसाचा हात न लागलेली काळी माती लागली की खणणे थांबते.