पंचगंगाकाठचा गोठा आणि त्यातले परजीवी

पंचगंगेच्या काठावर दुभत्या जनावरांना मुख्यतः तीन परजीवींनी छळले: यकृतातला पर्णकृमी, रेडकाच्या आतड्यातला मोठा गोलजंत आणि कातडीला चिकटणारी गोचीड. तिघेही जुनेच. पण कोणाचे केव्हा फावले, हे जनावर कोणते पाळले जाते, ते पाणी कुठे पिते आणि त्याला कुठे बांधतात यावर ठरत गेले. शिरोली औद्योगिक वसाहतीभोवतीची गावे, म्हणजे शिरोली पुलाची, नागाव, हालोंडी, शिये, टोप, हा बदल पाहायला सोयीची आहेत. नदी, उसाचे मळे, ओतकामाचे कारखाने आणि दूध संकलन केंद्रे इथे एकमेकांना खेटून आहेत. भट्टीवर पाळी करून आलेला माणूस घरी धारेला बसतो, याचे इथे कोणाला नवल वाटत नाही.

कोल्हापूरचा दूधधंदा मुळात म्हशीचा. लांब, मागे वळलेल्या शिंगांची पंढरपुरी म्हैस गवळ्यांनी या भागात जोपासली. ती घेऊन शहरात यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, ही इथली रीत. गंगावेशीतला दूधकट्टा त्याच रीतीचा. म्हशी डुंबायच्या त्या रंकाळ्यात आणि पंचगंगेत. डुंबण्याने म्हशीचे अंग थंड राहते, अंगावर चिखलाचा लेप बसतो आणि गोचिडीला थारा कमी मिळतो. म्हशीच्या जाड, विरळ केसांच्या कातडीत उवा होत, पण गोचिडीचा मोठा उपद्रव नसे. तिचा शत्रू पाण्याकाठच्या गवतात होता.

यकृतातला हा पर्णकृमी, शास्त्रीय नावाने ‘फॅसिओला जायगँटिका’, पानासारखा चपटा असतो आणि पित्तनलिकांत राहतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी पाण्यातल्या लिम्निया जातीच्या छोट्या गोगलगायीत शिरते, तिथे शेकड्यांनी वाढते, पुन्हा पाण्यात येते आणि गवताच्या पात्यावर कवच करून बसते. ते गवत खाल्ले की आतड्याची भिंत भेदून ती यकृतात पोहोचते, आणि अंडी घालण्याजोगी मोठी व्हायला आणखी तीन-चार महिने घेते. त्यामुळे पावसाळ्यात लागलेली कीड हिवाळ्यात दिसते. दूध आटते, शेण पातळ होते, जबड्याखाली पाणी धरते. कारण आणि परिणाम यांत इतके अंतर असल्याने गोठेवाल्याला गवताचा संशय येणे अवघडच होते. शास्त्रालाही ते चटकन उमगले नाही. या कुळातल्या कृमीचे गोगलगायीमार्फत चालणारे चक्र जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडमध्ये टॉमस यांनी १८८१ ते १८८३ या काळात उलगडले, आणि तेही मेंढ्यांच्या संदर्भात. 

कोल्हापुरात या कृमीला जे पाणी मानवले ते निव्वळ निसर्गाचे नव्हते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून बनणारी पंचगंगा पूर्वी उन्हाळ्यात रोडावत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, आणि पुढे नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उभे राहिले. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे फळ्या, घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढायचे. या पाण्यावर ऊस आला, ऊस आल्यावर त्याच्या शेंड्यांचे हिरवे वाडे आले आणि वाड्यांवर म्हशी वाढल्या. मात्र संथ, उथळ, वर्षभर टिकणारे पाणी गोगलगायीलाही तितकेच हवे असते. जिल्ह्याचा दूधधंदा आणि पर्णकृमी एकाच पाण्यावर पोसले गेले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

सरकारी पशुवैद्यक या काळात दुसरीकडे गुंतलेले होते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळला सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली आणि काही वर्षांत ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलली. या संस्थांपुढचा मोठा प्रश्न बुळकांडीचा होता. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या हे रोग गोठेच्या गोठे रिकामे करत, त्यामुळे लस, टोचणी आणि माणूसबळ तिकडेच गेले. मोठ्या जनावराला जंत सहसा मारत नाहीत, झिजवतात. झिजलेल्या म्हशीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, आणि परजीवींच्या बाबतीत सारा उशीर इथूनच सुरू झाला.

गोठ्यात उपाय चालत ते घरचे. गोचिडी हाताने वेचून निखाऱ्यावर किंवा रॉकेलमध्ये टाकायच्या. निपाणीकडचा तंबाखू भिजवून त्याचे पाणी अंगाला चोळायचे. करंजाचे तेल लावायचे. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. पोटातल्या जंतांवर पळसपापडी आणि वावडिंग दिले जाई. गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्या गोचिडी टिपत, गायबगळा म्हशीच्या पाठीवर बसे. यांतले काही उपाय खरोखर उपयोगी होते: तंबाखूतले निकोटिन कीटकांना मारते, आणि कोंबडीने टिपलेली गोचीड अंडी घालत नाही. पर्णकृमीवर मात्र घरात औषध नव्हते. १९२०च्या दशकात कार्बन टेट्राक्लोराइड मेंढ्यांसाठी वापरात आले, पण ते गाईगुरांच्या जिवावर बेतू शके. सुरक्षित म्हणता येतील अशी औषधे १९६०च्या दशकात आली: १९६१ साली थायाबेंडाझोल गोलजंतांसाठी, आणि त्याच दशकात ऑक्सिक्लोझानाइड पर्णकृमीसाठी.

रेडकांचे दुखणे वेगळ्या वळणाचे. टॉक्सोकारा या मोठ्या पांढऱ्या गोलजंताच्या अळ्या म्हशीच्या शरीरात दडून बसतात, आणि व्यायल्यानंतर दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. रेडकाने गवताचे पाते तोंडात घेण्याआधीच त्याला जंत झालेले असतात. तीन-चार आठवड्यांत ते पुरते वाढतात. मग पांढरी, दुर्गंधीची हगवण, पोट फुगणे, कधी जंतांच्या गुंत्याने आतडे बंद होणे. याला गोठ्याची स्वच्छता पुरी पडत नाही. जन्मानंतर दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या सुमारास पायपेराझिनसारखे औषध दिले तरच जंत मोठे होण्याआधी निघतात. विकायच्या दुधासाठी रेडकाचे तोंड आवरले जाई, आणि नर रेडकाची तर कोणाला पडलेली नसे. दुधासाठी पोसलेल्या म्हशीच्या पिलाचे मरण दैवावर घालण्याची सवय या धंद्याला फार काळ होती. त्या दैवाचा बराच भाग जंतांचा होता.

१९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे ‘गोकुळ’, स्थापन झाला. १९६८ मध्ये तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणेचा दूध संघ आला. १९७० पासून राष्ट्रीय पातळीवर दूधमहापूर योजना सुरू झाली. दूध गावातच मोजून घेतले जाऊ लागले, दहा दिवसांनी बिल हातात पडू लागले आणि संघाचा पशुवैद्य दारात येऊ लागला. त्याच सुमारास, १९६७ साली, मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ची स्थापना केली आणि होल्स्टीन व जर्सीच्या गोठवलेल्या वीर्याचा प्रसार महाराष्ट्रभर झाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या दावणीला संकरित गाय आली. दूध वाढले, यात वाद नाही. पण या गाईबरोबर गोचिडीचे राज्यही आले.

गोचीड नुसते रक्त पीत नाही. टेक्सासमधल्या गुरांच्या तापाचा जंतू गोचीड पसरवते, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. संधिपाद वर्गातला जीव रोग वाहून नेतो, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा, मलेरियाच्या डासाच्याही आधीचा. तो जंतू बबेसिया. जनावराची लघवी तांबडी होते ती त्यानेच. भारतात संकरित गाईंना त्याहून जास्त भोवला तो थायलेरिया. हायलोमा जातीची गोचीड तो वाहते. खांद्यापुढच्या गाठी सुजतात, ताप चढतो, रक्त उतरते आणि चांगली दुभती गाय आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. खिल्लारसारख्या देशी गुरांनी आणि म्हशींनी या जंतूशी पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेतले होते. त्यांच्या रक्तात तो असला तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. बाहेरच्या रक्ताची गाय त्याला नवखी होती. पुढे बुपार्वाकोन हे औषध आणि पेशीसंवर्धनातून तयार केलेली ‘रक्षावॅक-टी’ ही लस आली. दोन्ही उपयोगी, पण औषध महाग आणि लस थंड साखळीतून आणावी लागणारी.

गोठ्याची रचनाही गोचिडीच्या सोयीची होती. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. तिच्या आयुष्याचा बराच भाग जनावरावर नव्हे, भिंतीत जातो. शेतकऱ्याने औषध मात्र जनावरालाच लावले. आधी बीएचसी, म्हणजे घरोघरी माहीत असलेली गॅमेक्झिन पावडर, मग मॅलाथिऑन, पुढे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमित्राझ. बीएचसीचे अंश चरबीत साठत आणि दुधात उतरत. १९९७ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. अर्धवट मात्रेने आणि पुन्हा पुन्हा एकच औषध वापरल्याने गोचिडी त्याला सरावल्या, आणि देशाच्या अनेक भागांत डेल्टामेथ्रिनला दाद न देणाऱ्या गोचिडींची नोंद झाली. १९८०च्या दशकात जगाच्या बाजारात आलेले आयव्हरमेक्टिन जंत आणि गोचीड दोन्हींवर चालते, त्याच्या शोधाला २०१५ चे नोबेलही मिळाले. पण ते दुधात बराच काळ उतरत राहते, म्हणून दूध विकायच्या जनावराला ते देऊ नये अशी सूचना असते. सूचना पाळली जातेच असे नाही.

वसाहत वाढली तशी शिरोलीकडची चराईची जागा आटली. माळाला सोडलेली गुरे कमी झाली, दावणीला बांधलेली वाढली. त्यामुळे कुरणात लागणारे गोलजंत काहीसे मागे पडले, गोचीड मात्र पुढे आली, कारण बांधलेल्या जनावराजवळ तिला फिरावे लागत नाही. पर्णकृमीही गेला नाही. जनावर नदीवर जात नसले तरी नदीकाठचे कापलेले ओले गवत भाऱ्याने घरी येते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शेतात शिरले; २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा पुरानंतर गोगलगायी नव्या डबक्यांत पसरतात आणि पुढचा हिवाळा पर्णकृमीचा जातो. काठचे गवत चांगले वाळवून घातले तर धोका बराच टळतो. मुरघासाचा प्रसार झाल्यावर या बाजूने थोडी मदत झाली आहे.

२०२२ मध्ये लम्पीने महाराष्ट्रातल्या गाई-बैलांना गाठले. तो विषाणूचा रोग, पण चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरणारा. त्यामुळे वर्षानुवर्षे दुय्यम मानलेली फवारणी आणि गोठ्याची सफाई एकदम तातडीची झाली. मुक्तसंचार गोठ्यांकडे वळलेल्यांनी कोंबड्या पुन्हा गोठ्यात सोडल्या आहेत, आणि भिंतीच नसल्याने गोचिडीच्या फटीही उरत नाहीत. आजोबांच्या काळचा उपाय शास्त्राच्या आधाराने परत आला, असे क्वचितच घडते.

लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी २०१९ पासून केंद्राचा राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम आहे. परजीवींसाठी तसा स्वतंत्र कार्यक्रम नाही. जंताचे औषध बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आगेमागे, अंदाजाने पाजले जाते. कोणता जंत आहे हे न पाहता दिलेले औषध पुष्कळदा चुकते, कारण गोलजंतांवरची अनेक औषधे पर्णकृमीला लागू पडत नाहीत. ताज्या शेणाचा नमुना झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी पाहून कोणते औषध द्यायचे ते ठरवता येते.