बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून घडलेला नाद

हेवी मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या दोन ब्रिटिश संगीतप्रवाहांचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. पहिला प्रवाह कामगार वस्तीतला, गिटारच्या जड व खरखरीत नादावर उभा राहिलेला. दुसरा पाश्चात्त्य अभिजात संगीताची रचनातत्त्वे रॉकमध्ये आणणारा, एखादे गीत तबकडीची अख्खी बाजू व्यापेल इतके विस्तारणारा. मात्र या दोहोंचा नाद ज्या वस्तूंतून घडला त्यांचा माग काढू लागले, तर तो इंग्लंडच्या मध्यभागातील बर्मिंगहॅम या यंत्रकामाच्या शहरात येऊन पोहोचतो.

ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी या शहरातील अ‍ॅस्टन भागातले. वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताकडे होते. भांडी घासण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांवर बसतील अशी टोपणे घडवली, घासून घासून ती बेताची केली आणि तार निसटू नये म्हणून त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. नेहमीच्या जाड तारा दाबताना बोटे दुखत, म्हणून त्यांनी बँजोच्या बारीक तारा गिटारला लावून पाहिल्या. पुढे 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' (१९७१) या अल्बमच्या काही गीतांत तारा दीड स्वर खाली उतरवल्या, त्यामुळे त्यांवरील ताण घटला आणि नाद अधिक खोल व काळोखा झाला. केवळ या अपघातामुळे हेवी मेटल जन्मले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्या नादाला आलेले वजन मात्र जखमी हाताने शोधलेल्या सोयीचे फळ होते, हे निःसंशय.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाजूला हेच स्थान मेलोट्रॉन या वाद्याचे आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा एकेक स्वर मुद्रित केलेली चुंबकीय फीत असते. पट्टी दाबताच फीत सरकू लागते, सुमारे आठ सेकंदांनी संपते आणि बोट उचलताच स्प्रिंगच्या ओढीने मूळ जागी परतते. ही कल्पना मुळात अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांची. त्यांच्या वाद्याचे विक्रेते बिल फ्रॅन्सन १९६२ मध्ये एकसारखी सत्तर ध्वनिशीर्षे, म्हणजे फितीवरील ध्वनी वाचणारे भाग, बनवून घेण्यासाठी इंग्लंडला आले आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंच्या कारखान्यापर्यंत पोहोचले. त्याच कारखान्यात पुढे मेलोट्रॉन तयार होऊ लागला. तेथे काही काळ काम केलेले माइक पिंडर नंतर मूडी ब्लूजमध्ये हे वाद्य वाजवू लागले आणि 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' (१९६७) मध्ये ते ठळकपणे ऐकू आले. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट' (१९७२) या अल्बमचा आरंभच मेलोट्रॉनच्या भव्य, किंचित थरथरत्या स्वरसमूहांनी होतो. तो थरथराट फितीच्या चालीचा दोष असूनही रसिकांना तोच प्रिय झाला.

या दोन धाग्यांच्या तारखाही विलक्षण जवळ येतात. मेलोट्रॉनच्या लाटांवर उभा असलेला किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम १० ऑक्टोबर १९६९ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी लंडनमध्ये ब्लॅक सॅबथने आपला पहिला अल्बम एका दिवसात मुद्रित केला. तो १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला. पुढे जूडस प्रीस्ट या बर्मिंगहॅम परिसरातल्याच संघाने १९८० मधील अल्बमला 'ब्रिटिश स्टील' असे नाव देऊन शहराच्या धातूशी असलेले नाते उघडपणे मांडले.

ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे सदस्य शेवटचे एकत्र आले ते ५ जुलै २०२५ रोजी, अ‍ॅस्टनमधील व्हिला पार्क या मैदानावर. गायक ऑझी ऑस्बोर्न त्यानंतर सतरा दिवसांनी निवर्तले.