झिंग-आकाडेमी, बर्लिन

जर्मनीतील बर्लिन शहरातील एक जुनी व ख्यातनाम वृंदगान-संस्था. स्थापना २४ मे १७९१. तत्पूर्वी यूरोपातील गायकवृंद प्रायः चर्च, राजदरबार वा पाठशाळा यांच्या आश्रयाने चालत व त्यांतील वरच्या पट्टीचे स्वर बहुधा मुलगे गात. झिंग-आकाडेमीत ते स्थान शहरातील सुशिक्षित कुटुंबांमधील स्त्रियांना मिळाले. व्यवसाय म्हणून नव्हे, तर अभ्यास व आवड म्हणून गाणाऱ्या स्त्री-पुरुषांची अशी ही आद्य नागरी संस्था मानली जाते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ठिकठिकाणी निघालेल्या वृंदगान-संस्थांना तिने नमुना पुरविला.

संस्थापक कार्ल फ्रीड्रिख क्रिस्ट्यान फाश (१७३६–१८००) हा फ्रीड्रिख द ग्रेट याच्या दरबारातील हार्पसिकॉर्डवादक होता. इटालियन रचनाकार ओरात्स्यो बेनेव्होली याच्या नावावरील सोळा स्वरपंक्तींच्या मासची प्रत पाहून त्याने तशीच एक रचना केली. आपल्याकडील समूहगायनात सर्वजण बहुधा एकच स्वरावली गातात. येथे सोळा गट सोळा निरनिराळ्या स्वरावली एकाच वेळी गातात व त्यांचा मेळ साधावा लागतो. अशा संगीतासाठी दीर्घ, नियमित सराव करणारे गायक हवे होते. फाशच्या शिष्य-शिष्यांच्या एका लहान मंडळीतून ती गरज भागली आणि तीच पुढे संस्था झाली. १७९३ पासून सराव कला अकादमीच्या इमारतीत होऊ लागल्यामुळे संस्थेस हे नाव मिळाले. बेथोव्हनने १७९६ मध्ये तिला भेट दिली होती. जाहीर मैफलींपेक्षा सरावालाच या काळात महत्त्व होते. श्रोत्यांना प्रवेश मिळे तो पाहुणे म्हणून.

फाशनंतर त्याचा शिष्य कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर (१७५८–१८३२) संचालक झाला. तो मूळचा गवंडीकामाचा उस्ताद आणि ग्योटेचा निकटचा मित्र. १८०७ मध्ये त्याने वादकांच्या सरावाची जोड संस्थेला दिली. जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्याने जमविला. त्यात बाख घराण्यातील रचनाकारांच्या कृती विपुल होत्या. १८२७ मध्ये संस्थेची स्वतःची वास्तू उभी राहिली. शिंकेलच्या आराखड्याच्या आधारे ती कार्ल टेओडोर ऑटमर याने बांधली. अलेक्झांडर फोन हंबोल्टची विश्वरचनेवरील गाजलेली व्याख्याने १८२७-२८ च्या हिवाळ्यात येथेच झाली.

याच सभागृहात ११ मार्च १८२९ रोजी योहान झेबास्ट्यान बाखचे (१६८५–१७५०) ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर झाले. संचालन वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोनने केले. येशूची भूमिका त्याचा मित्र, गायक-नट एडुआर्ट डेव्हरिएंट याने गायिली. गायक दीडशेच्या घरात होते. बऱ्याच एकलगीतांना कात्री लावण्यात आली होती व काही जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट योजण्यात आले होते. श्रोत्यांत प्रशियाचा राजा व हेगेलही होते. २१ मार्चला, बाखच्या जन्मदिनी, कार्यक्रमाची पुनरावृत्ती झाली. गुड फ्रायडेचा तिसरा प्रयोग त्सेल्टरने चालविला.

विस्मृतीत गेलेला बाख मेंडेल्सझोनने एकट्याने पुन्हा उजेडात आणला, असे या प्रसंगाविषयी लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. फाशने १७९४ मध्येच बाखचे मोटेट संस्थेत सरावास घेतले होते. त्सेल्टरने १८११ पासून ‘बी मायनर मास’चे भाग व पुढे पॅशनमधील भागही गाऊन घेतले. खुद्द मेंडेल्सझोन व त्याची बहीण फानी ही दोघे १८२० पासून या वृंदात गात होती. बाखचे दुर्घट वृंदभाग गाऊ शकणारा संघ तीन तपांहून अधिक काळाच्या सरावाने तयार झाला होता. ही कृती जाहीर सादरीकरणास योग्य नाही, असे मात्र त्सेल्टर मानत असे. तो संकोच मोडण्याचे धाडस तरुण मेंडेल्सझोनचे होते, हे नाकारता येत नाही.

त्सेल्टरच्या मृत्यूनंतर जानेवारी १८३३ मध्ये सभासदांनी मतदान केले. कार्ल फ्रीड्रिख रुंगेनहागेन यास १४८, तर मेंडेल्सझोनला ८८ मते पडली. मेंडेल्सझोनचे ज्यू कूळ आड आले असे म्हणतात. परंतु त्याचे वय आणि रुंगेनहागेनची अनेक वर्षांची सेवा याही गोष्टी होत्या. मेंडेल्सझोन पुढे लाइपसिकला गेला व ते शहर जर्मन संगीताचे केंद्र बनले. नंतरचा संचालक एडुआर्ट ग्रेल (कार्यकाल १८५३–७६) केवळ कंठसंगीतच खरे, असे मानणारा होता. ब्लुमनर व गेओर्ग शूमान (१९००–५०) यांच्या काळात जाहीर मैफली हेच संस्थेचे मुख्य कार्य राहिले.

दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, बाँबहल्ल्यात वास्तूची हानी झाली. ग्रंथसंग्रह सुरक्षिततेसाठी सायलीशियात हलविला होता; तेथून तो सोव्हिएट सैन्याने नेला आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्याचा मागमूस नव्हता. वास्तू सोव्हिएट विभागात गेल्याने तीही हातची गेली. १९५२ मध्ये तेथे माक्सिम गॉर्की नाट्यगृह सुरू झाले. गायक पश्चिम बर्लिनमध्ये गात राहिले. पूर्व बर्लिनमध्ये १९६३ मध्ये हेल्मूट कॉख याच्या नेतृत्वाखाली जवळजवळ त्याच नावाची दुसरी संस्था निघाली. शहर एक झाल्यावरही या दोन्ही संस्था वेगळ्याच राहिल्या.

१९९९ मध्ये क्रिस्टॉफ व्होल्फ व त्यांचे सहकारी यांना हा संग्रह कीव्हमधील एका सरकारी अभिलेखागारात सापडला. पाच हजारांहून अधिक बाडे, त्यांपैकी सु. पाचशे बाख घराण्याशी संबंधित, युक्रेनने २००१ मध्ये परत केली. ती बर्लिनच्या राज्यग्रंथालयात ठेवण्यात आली. त्यात व्हिव्हाल्डीच्या ‘मोतेझूमा’ या हरवलेल्या संगीतिकेचे बरेचसे भागही मिळाले. वास्तूच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला व २०१२ मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. नाट्यगृह मात्र तेथेच राहिले.