अवघड शब्दांचा पहिला इंग्रजी कोश

इंग्रजी भाषेंतील अवघड शब्द व त्यांचे अर्थ घोकण्याचे कष्ट ज्यांनीं विद्यार्थिदशेंत भोगले आहेत, त्यांस असें वाटणें स्वाभाविक आहे कीं, हे कष्ट परकीयांच्याच वांट्यास आलेले असावेत. इंग्रज मनुष्यास ही विद्या आईच्या दुधाबरोबरच मिळत असेल. परंतु इतिहास पाहूं जातां गोष्ट निराळीच आढळते. इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजींतच सांगणारा पहिला कोश खुद्द इंग्रजांसाठींच, आणि त्यांना स्वभाषेंतील शब्द कळेनासे झाले म्हणून, निर्माण झाला.

सोळाव्या शतकांत लॅटिन व ग्रीक विद्येचें इंग्लंडांत पुनरुज्जीवन झालें. धर्म, वैद्यक, न्याय इत्यादि विषयांवर देशभाषेंत लिहूं लागलेल्या पंडितांस शब्द अपुरे पडूं लागले, तेव्हां त्यांनीं ते लॅटिनांतून घेतले. यांत कित्येक शब्द गरजेचे होते, तर कित्येक केवळ ऐटीचे. लेखकाच्या शिंगाच्या दौतीवरून अशा शब्दांस ‘दौतीचे शब्द’ असें कुत्सित नांव पडलें. टॉमस विल्सन यानें इ. स. १५५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत असल्या शब्दांनीं खच्चून भरलेलें एक अर्जवजा पत्र देऊन त्यांची चांगलीच थट्टा केली. मौज अशी कीं, त्या पत्रांत हास्यास्पद म्हणून घातलेले ‘सेलिब्रेट’ व ‘डेक्स्टेरिटी’ हे शब्द पुढें भाषेंत पक्के रुजले. कोणता शब्द टिकेल व कोणता मरेल हें पंडितांस आधीं सांगतां येत नाहीं, हाच त्याचा अर्थ.

या शब्दांच्या लोंढ्यांत सामान्य वाचकाची फार अडचण झाली. ती ओळखणारा गृहस्थ म्हणजे रॉबर्ट कॉड्री. हा ओकम येथें शाळामास्तर होता. पुढें धर्मोपदेशक झाला, पण प्रस्थापित धर्मसंस्थेशीं मतभेद झाल्यामुळें त्याला ती जागा गमवावी लागली. उतारवयांत त्यानें आपल्या शिक्षक मुलाच्या साहाय्यानें सुमारें २,५०० अवघड शब्दांचा कोश रचून तो इ. स. १६०४ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांतील पहिला शब्द ‘ॲबँडन’, म्हणजे सोडून देणें. गाय, भाकर, पाणी असले शब्द त्यांत नाहींत. ते सर्वांस ठाऊकच होते. हा कोश स्त्रियांसाठीं व इतर अल्पशिक्षितांसाठीं आहे असें त्यानें मुखपृष्ठावरच सांगितलें आहे. लॅटिन शिकविणाऱ्या शाळा मुलांच्या होत्या. त्यामुळें देवळांतील प्रवचन ऐकतांना किंवा धर्मग्रंथ वाचतांना जो शब्द भावास कळे, तो बहिणीस अडे. कोश वर्णानुक्रमानें कसा पाहावा हेंही वाचकास माहीत नसेल, असें समजून कॉड्रीनें तें प्रस्तावनेंत समजावून दिलें. ऐटीच्या शब्दांविरुद्धचा विल्सनचा उपदेशही त्यानें तेथें उतरून घेतला. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक असून ती ऑक्सफर्डच्या बोड्लियन ग्रंथालयांत आहे.

पुढें १६२३ मध्यें हेन्री कॉकरम याचा कोश निघाला. त्याच्या एका भागांत उलटाच प्रकार होता. साध्या शब्दांसमोर अवघड शब्द दिलेले होते, हेतु हा कीं, साधें बोलणाऱ्यानें पंडिती थाटानें बोलावें! घोड्यावर बसून निघून जाणें, एवढ्यासाठीं ‘ॲबेक्विटेट’ हा शब्द कॉकरमच्या कोशांत सांपडतो. तो आज कोणी वापरीत नाहीं. शतकभरानंतर कोशकार साध्या शब्दांकडेही वळले. जॉन कर्सी याचा म्हणून समजला जाणारा १७०२ मधील कोश आणि जॉन्सनचा १७५५ मधील विख्यात कोश यांत नित्याच्या शब्दांसही मानाचें स्थान मिळालें.

आपल्याकडे मोल्सवर्थनें आरंभिलेला व कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाला, तेव्हां कॉड्रीच्या वाचकांचीच अडचण दुसऱ्या रूपानें आपल्या वांट्यास आलेली होती. अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा असलेल्या समाजास शब्द घोकणें नवें नव्हतें. पण घोकलेल्या शब्दाचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न तेव्हांही होता आणि परीक्षांसाठीं शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्या आजच्या मुलांपुढेंही आहे. कॉड्रीच्या मतें अवघड शब्द शिकावयाचा तो दुसऱ्याचें म्हणणें कळावें म्हणून. कॉकरमच्या शिष्यानें तो शिकावयाचा तो आपलें पांडित्य दिसावें म्हणून. शब्द न कळल्यामुळें दाराबाहेर राहिलेल्यांस आंत घेणें, हें कोशाचें मूळ काम होय. तेव्हां घरांतल्या मुलानें एखादा भारी इंग्रजी शब्द मोठ्या तोऱ्यानें उच्चारला, तर त्यास शाबासकी देण्यापूर्वीं वडील माणसांनीं तोच अर्थ आजीस समजेल अशा मराठींत सांगण्यास त्याला सांगावें. तें त्यास जमलें, तर शब्द त्याचा झाला असें खुशाल समजावें.