व्हेनिसमध्ये रात्र कोणी काढावी?

#थ्रेड

व्हेनिसच्या कान्नारेजो भागातील एका घरगुती निवासात मी तीन रात्री राहिले. मालकीणबाईंनी दार उघडले, आधी पासपोर्ट मागितला, पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे पाठवावी लागते असे सांगितले आणि मगच कॉफीचे विचारले. हा नियम इटलीत सर्वत्र आहे, त्यात व्हेनिसचे वेगळेपण नाही. तरीही तो क्षण मनात राहिला. परका माणूस रात्री कोठे झोपतो, या प्रश्नात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने जितके लक्ष घातले तितके फार थोड्या राज्यांनी घातले असेल.

आरंभ रिआल्तो पुलापासून करू. पुलाला लागूनच एक भव्य चौकोनी इमारत आहे : फोन्दाको देई तेदेस्की, म्हणजे जर्मनांची वखार. ‘वखार’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. सुरत वा राजापूरच्या वखारीत माल आणि माणसे एकाच छपराखाली असत, तसेच येथेही. ‘फोन्दाको’ हा शब्द मात्र अरबी ‘फुन्दुक’वरून आलेला. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात फुन्दुकांत राहत आणि रात्री तेथील अधिकारी त्यांना आत कोंडून दार लावून घेत. परदेशात स्वतः भोगलेली ही व्यवस्था व्हेनिसने घरी आणली.

१२२८ पासून या वखारीचे उल्लेख सापडतात. न्यूरेंबर्ग, आउग्सबर्ग येथून आल्प्स ओलांडून येणाऱ्या व्यापाऱ्याने अन्यत्र उतरायचे नाही, माल येथेच ठेवायचा, शस्त्रे जमा करायची आणि प्रत्येक सौदा सरकारने नेमलेल्या दलालामार्फतच करायचा. सूर्यास्तानंतर दरवाजा बंद. चांदी आत येई, मिरी आणि रेशीम बाहेर जाई, आणि दोन्ही वेळा राज्याचा कर वसूल होई. (दलालीच्या या जागा इतक्या किफायतशीर होत्या की राज्य त्या चित्रकारांना मानधनादाखल देई. टिशियनला अशीच एक मिळाली होती. त्याने मिरीचा सौदा कधी जुळवला असेल, असे वाटत नाही.)

१५०५ च्या आगीत ही इमारत जळाली. राज्याने स्वखर्चाने ती १५०८ पर्यंत पुन्हा उभारली आणि बाहेरच्या भिंती रंगवायला जॉर्जोने आणि तरुण टिशियन यांना नेमले. खाऱ्या हवेने ती चित्रे खाल्ली. उरलेले तुकडे का’ द’ओरो या संग्रहालयात आहेत. परक्यांना कोंडण्याची जागा इतकी देखणी असावी, यातच व्हेनिसचा हिशेब दिसतो. जर्मन व्यापारी त्याला हवा होता, पण नजरेखाली.

व्यापारी नसलेले प्रवासी खाणावळी-सराया गाठत. त्यांच्यावर ‘जुस्तित्सिया नुओवा’ या खात्याची देखरेख असे. उल्मचा डॉमिनिकन साधू फेलिक्स फाब्री १४८३ मध्ये यरुशलेमच्या वाटेवर अशाच एका जर्मन सराईत उतरला होता. तेथे सारे जर्मन बोलत. दारातला काळा कुत्रासुद्धा जर्मनांपुढे शेपूट हलवी आणि इटालियनांवर धावून जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. याखेरीज घरातील खोल्या भाड्याने देणारेही पुष्कळ होते आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा. माझ्या मालकीणबाईंचा व्यवसाय म्हणजे निदान पाचशे वर्षांचा.

आता त्या घरापासून चालत पाच मिनिटांवरच्या बेटाकडे वळू. २९ मार्च १५१६ रोजी सिनेटने ठरवले की व्हेनिसच्या ज्यूंनी ‘गेत्तो नुओवो’ या जुन्या ओतशाळेच्या बेटावरच राहावे. जगभरचा ‘घेट्टो’ हा शब्द येथूनच निघाला. आधीच्या भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले आणि ज्यूंकडून त्यांच्यापेक्षा एक तृतीयांश अधिक भाडे घेण्याची मुभा घरमालकांना मिळाली. घर विकत घेण्याचा हक्क ज्यूंना नव्हताच. पुलांवर दरवाजे बसले. रात्री ते बंद होत, पहारेकरी उभे राहत, भोवतालच्या कालव्यांतून गस्तीच्या नावा फिरत. या पहाऱ्याचा खर्च आत कोंडलेल्यांनीच भरायचा.

अन्य शहरांना यासाठी भिंत बांधावी लागली असती. येथे पाणी आयतेच होते. आज आपण ज्या कालव्यांची छायाचित्रे काढतो, तेच त्या वस्तीचे खंदक. वस्ती वाढली, बेट वाढेना, म्हणून घरे वर चढली : सहा, सात मजले, आणि छत इतके खाली की उंच माणसाने वाकावे. १७९७ मध्ये फ्रेंच सैन्य आल्यावर दरवाजे उखडून जाळले गेले. बिजागऱ्यांच्या खुणा दगडांत अजून दिसतात.

वखार आणि घेट्टो यांना एका मापाने मोजणे मला मान्य नाही. जर्मन व्यापारी हंगाम संपला की स्वतःच्या घरी परते. ज्यूंचे घरच कुलपाच्या आत होते. १६२१ मध्ये ऑटोमन व्यापाऱ्यांना मिळालेली वखार या दोहोंच्या मधली म्हणता येईल : रात्री कुलूप, शस्त्रांना आणि स्त्रियांना मज्जाव, पण परतीची वाट मोकळी. सूत्र मात्र तिन्ही ठिकाणी एकच. दिवस सर्वांचा, रात्र शहराची.

आज ही मांडणी पुरती उलटली आहे. १९५१ मध्ये ऐतिहासिक व्हेनिसमध्ये सुमारे १,७५,००० लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५०,००० च्या खाली गेला. पुढच्याच वर्षी पर्यटकांच्या खाटा रहिवाशांहून अधिक झाल्या. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी शहरात येणाऱ्याकडून ५ युरो घेणे सुरू झाले, पण केवळ दिवसापुरता येणाऱ्याकडून. रात्रीच्या पाहुण्याला माफी, कारण त्याचा कर मुक्कामाच्या बिलातच असतो. ज्या राज्याला परक्याची रात्र खुपत होती, त्याच्या जागी आलेल्या नगरपालिकेला ती हवीशी आहे.

जर्मनांच्या वखारीत २०१६ मध्ये आलिशान वस्तूंचे दुकान निघाले. तेही २०२५ मध्ये बंद पडले. तिच्याजवळच्या चौकात एका औषधांच्या दुकानाच्या काचेमागे शहराच्या उरलेल्या रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे.

निघताना मी मालकीणबाईंकडे त्या फलकाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, माझी मुलगी त्यात मोजली जात नाही, ती पुलापलीकडे मेस्त्रेला राहते. येथले भाडे तिला परवडत नाही. रोज सकाळी सहाच्या बसने येऊन पाहुण्यांची न्याहारी तीच करते. मी झोपत होते ती खोली लग्नापूर्वी तिचीच होती.